पाडलेलं विमान कोणत्या खात्यात?

पाच विमानं पाडली की वैमानिक 'एस' झाला, ही पहिल्या महायुद्धात फ्रेंचांकडून सुरू झालेली पद्धत. ऐकायला सरळ वाटतं, मोजलं की झालं. पण मोजायचं काय, इथेच सगळी गोची आहे.

आपला इंद्रलाल रॉय घ्या. कोलकात्याचा पोरगा, ब्रिटिशांच्या ४० नंबर स्क्वाड्रनमध्ये. ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत १० विमानं खात्यात, आणि २२ जुलैला स्वतःच गेला. वय फक्त १९! त्या १० पैकी ५ 'नष्ट' आणि ५ 'ताबा सुटून खाली गेलेली'. ब्रिटिश ही दुसरी जातही धरायचे, कारण लढाई बहुतेक वेळा शत्रूच्या हद्दीवर. अवशेष बघायला जाणार कोण? जर्मनांना मात्र अवशेष नाहीतर साक्षीदार लागायचे. त्यांना ते परवडायचं, विमानं त्यांच्याच अंगणात पडत होती ना! त्यांच्या वहीत रॉयचे १० चे ५ झाले असते. (तरी एस राहिलाच असता म्हणा.)

दुसर्‍या महायुद्धात जर्मनांनी याच्याही पुढची गंमत केली. अमेरिकन बॉम्बर घट्ट थव्यात यायचे आणि त्या थव्यातून एखादा जखमी करून बाहेर काढणं हेच खरं जिवावरचं काम. मग पदकांसाठी गुण ठरले: चार इंजिनांचा बॉम्बर पाडला तर ३, नुसता थव्यातून फोडून काढला तरी २, आणि आधीच लंगडणार्‍याला संपवलं तर १. साधं एका इंजिनाचं फायटर? १. वरिष्ठांना पोरांकडून काय करून घ्यायचंय, ते या कोष्टकात चक्क लिहिलेलंय.

आता येऊ 'एसेस हाय'वर. २००० साली आलेला ऑनलाइन विमानयुद्धाचा गेम. यात फायटरचा क्रमांक पाच रकान्यांवरून निघायचा: मरणामागे शिकार, उड्डाणामागे शिकार, तासाला शिकार, नेम किती टक्के लागला, आणि एकूण गुण. प्रत्येक रकान्यात तुमचा वेगळा क्रमांक, मग त्यांची बेरीज. प्रोग्रॅमर म्हणून मला हे डिझाइन जाम आवडतं. उंचावर घिरट्या घालत सोपी शिकार शोधलीत तर मरणाचा रकाना छान दिसतो, पण तासाचा कोसळतो. गर्दीत घुसलात तर बरोब्बर उलटं. लांबून गोळ्यांचा पाऊस पाडलात की नेम गेला. म्हणजे प्रत्येक रकाना दुसर्‍याचा कान धरून बसलेला.

पण दार एक उघडं राहिलंच. उड्डाणाआधी तेच विमान 'फायटर' म्हणून न्यायचं की 'अटॅक' म्हणून, हे खेळाडूने ठरवायचं. झालं! आपल्या तळावर शत्रू घोंगावतोय, धावपट्टीवरून उठलं की डोक्यावर तीन जण टपलेले, अशा वेळी लोक गुपचूप 'अटॅक' निवडायचे. मेलात तरी फायटरचा आकडा शाबूत. आणि जे बिचारे 'फायटर' ठेवूनच तळ वाचवायला पुन्हा पुन्हा उठायचे, ते यादीत पार खाली. तळ मात्र त्यांच्यामुळेच टिकायचा.

त्यामुळे जोडीदार शोधताना मी फायटरच्या यादीतला पहिला नंबर बघायचोच नाही. त्याच माणसाचं अटॅकचं पान उघडून तिथे तो किती वेळा मेलाय, ते आधी बघायचो :)