खांब किती रुंद ठेवायचा?

दिघोरीला घरी गेलो की हमखास प्रश्न येतो, "कॉम्प्युटरवर कोळशाची खाण कशी खोदतोस रे?" खोदत नाही. आत किती कोळसा सोडायचा, ते ठरवायला शिकतोय.

भूमिगत खाणीत गॅलरी, म्हणजे रस्ते, कोळशातूनच काढतात आणि मधे कोळशाचेच खांब सोडतात. खांब मोठे ठेवले तर कोळसा आतच अडकतो, बारीक ठेवले तर छत माणसांवर येतं. आपल्याकडे कोळसा खाण विनियम, १९५७ मध्ये यासाठी तक्ताच होता. खोली ६० मीटरपर्यंत आणि गॅलरी ४.८ मीटर रुंद असेल, तर शेजारच्या दोन खांबांच्या मध्यांत किमान १९.५ मीटर अंतर हवं. चौकोनी खांब धरून गणित करा: पहिल्या फेरीत जेमतेम ४३ टक्के कोळसा निघतो.

खांबांच्या ताकदीचा आकडेवारीने अभ्यास झाला तो मोठी किंमत मोजल्यावर. २१ जानेवारी १९६० ला दक्षिण आफ्रिकेतली कोलब्रुक खाण कोसळली, चारशेहून जास्त कामगार गेले. मग सॅलमन आणि मन्रो यांनी खाणींमधली १२५ उदाहरणं तपासली: ९८ टिकलेली, २७ कोसळलेली. त्यातून १९६७ मध्ये सूत्र आलं. खांबाची ताकद रुंदीबरोबर वाढते, उंचीबरोबर घटते.

हे सूत्र खांबावरचा सरासरी भार धरून चालतं. लामॉडेलसारखं सॉफ्टवेअर कोळशाच्या थराचे छोटे चौकोन पाडतं आणि एक खांब दबला की भार शेजारच्यांवर किती सरकतो, तेही दाखवतं.

पण ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात क्रँडल कॅन्यन खाणीचे खांब फुटले. ६ कामगार आत अडकले ते परत आले नाहीत. त्यांना काढायला गेलेले ३ जणही गेले. त्या आराखड्यासाठी लामॉडेल वापरलं होतं! सरकारी चौकशीत दिसलं की खांबांची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली होती. सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्यांवर इमानदारीने उत्तर काढलं.

म्हणून रिसर्चला येणाऱ्यांनो, रंगीत नकाशांच्या आधी इनपुटचा तक्ता लिहा. कोळशाची ताकद कुठून घेतली? लॅबमधला छोटा तुकडा अख्ख्या खांबापेक्षा मजबूत निघतो, ती घट धरली का? आणि मॉडेल कोसळलेल्या जागेवर तपासलं का? सॅलमन-मन्रोंकडे अशा २७ होत्या. तुमच्याकडे निदान एक तरी हवी.