चाकांवरचे घर आणि उशाजवळचे पिस्तूल

अमेरिकेत 'आरव्ही' म्हणजेच रिक्रिएशनल व्हेइकल हे नाव बसच्या आकाराच्या मोटरहोमपासून मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरपर्यंत अनेक वाहनांना दिले जाते. ओटा, न्हाणीघर, पलंग आणि पाण्याची टाकी बरोबर घेऊन हिंडणारे हे घर. १९१० साली पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडलेल्या 'टूरिंग लँडो' या गाडीपासून त्याचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. १९६६ पासून आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने मोटरहोम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. निवृत्तीनंतर राहते घर विकून बारा महिने रस्त्यावरच संसार करणारी जोडपी आता तेथे नवलाईची राहिलेली नाहीत.

या प्रवासात स्वसंरक्षणासाठी बंदूक जवळ बाळगावी काय, हा प्रश्नही जुनाच आहे. जॉन स्टाइनबेक १९६० साली आपल्या कुत्र्यासह अमेरिका पाहायला निघाले, तेव्हा त्यांच्या फिरत्या घरात एक शॉटगन आणि दोन रायफली होत्या. मात्र त्या कोणावर रोखण्यासाठी नव्हत्या. शिकारीला निघालेल्या माणसाला कोणी फार प्रश्न विचारीत नाही, हा त्यांचा हिशेब 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' या १९६२ च्या पुस्तकात नोंदलेला आहे. आज त्याच मार्गाने जाणाऱ्याला असा निश्चिंतपणा परवडणार नाही. निर्मनुष्य रानातली रात्र, महामार्गालगतचा अनोळखी वाहनतळ, पोलिस ठाणे तासाभराच्या अंतरावर, अशा परिस्थितीत वाटणारी धास्ती खरी असते. परंतु बंदूक बाळगणाऱ्या प्रवाशाला चोरापेक्षा राज्याची सीमारेषा अधिक महागात पडू शकते, हे अनेकांना अटक झाल्यावरच उमगते.

घर की वाहन?

सगळ्या गुंत्याचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे. आरव्ही हे घर मानायचे की वाहन? अमेरिकी कायद्याने याचे एकच उत्तर कधी दिलेले नाही.

घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात मान्य केला. घराबाहेर ते बाळगण्याचा हक्क २०२२ च्या 'ब्रुएन' निकालाने मान्य झाला. त्यातून न्यू यॉर्कचा, परवान्यासाठी खास कारण दाखवायला लावणारा शतकभर जुना नियम रद्दबातल ठरला. फ्लोरिडाने तर २००५ च्या कायद्यात 'निवासस्थान' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली की, छप्पर असलेले आणि रात्री मुक्कामासाठी बनवलेले कोणतेही वाहन, किंबहुना तंबूसुद्धा, तीत सामावतो. म्हणजे फ्लोरिडात आरव्हीत जबरदस्तीने घुसणाऱ्याशी सामना झाल्यास कायदा त्या जागेला घराचा दर्जा देतो.

याच्या अगदी उलट बाजू झडतीची. १९७९ साली सॅन दिएगो शहराच्या मध्यवस्तीत एका वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये अमली पदार्थविरोधी विभागाचे अधिकारी वॉरंट न घेता शिरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ साली 'कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी' या निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ठरवले की, जे वाहन क्षणात रस्त्याला लागू शकते, त्याच्या झडतीसाठी मोटारीचाच नियम लागू. आत पलंग आणि पडदे असल्याने फरक पडत नाही. पुरेसा संशय असल्यास वॉरंटविना झडती घेता येते. ठोकळ्यांवर चढवून, वीज-पाण्याची जोडणी घेऊन स्थिरावलेल्या आरव्हीचे काय, हा प्रश्न मात्र न्यायालयाने एका तळटीपेत जाणूनबुजून मोकळा ठेवला. घराचे संरक्षण हवे असेल तर चाके थांबली पाहिजेत, असा त्याचा व्यावहारिक अर्थ निघतो.

पन्नास राज्ये, पन्नास कायदे

भारतात शस्त्रपरवाना १९५९ च्या एकाच केंद्रीय कायद्याखाली मिळतो. अमेरिकेत बंदूक बाळगण्याचे नियम मुख्यतः राज्ये करतात. व्हर्मांट राज्याने कधीच परवाना मागितला नाही. अलास्काने २००३ मध्ये ती अट काढली आणि २०२४ पर्यंत परवान्याविना पिस्तूल बाळगू देणाऱ्या राज्यांची संख्या २९ झाली. दुसऱ्या टोकाला न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही राज्ये इतर कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाहीत. वाहन चालवण्याचा परवाना देशभर चालतो, तसाच हाही चालेल ही समजूत येथे घात करते. परवान्यांना देशभर मान्यता देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये संमत केले होते, पण सिनेटमध्ये ते अडले.

२०१३ साली फिलाडेल्फियातील एका महिलेला याचा अनुभव आला. पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना असलेले पिस्तूल घेऊन ती शेजारच्या न्यू जर्सीत गेली. वाहतूक पोलिसाने गाडी थांबवताच तिने आपणहून पिस्तुलाची माहिती दिली आणि तिला अटक झाली. किमान साडेतीन वर्षांच्या कारावासाची टांगती तलवार तिच्यावर होती. देशभर ओरड झाल्यावर तिला खटल्याऐवजी सुधारणा कार्यक्रमाचा पर्याय मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. राज्यपालांची माफी ही काही प्रवासाच्या नियोजनात धरण्याजोगी गोष्ट नव्हे.

पिस्तूल कायदेशीर ठरले तरी काडतुसांचा प्रश्न उरतो. न्यू जर्सीत 'होलो पॉइंट' म्हणजे पोकळ टोकाच्या गोळ्यांवर कडक निर्बंध आहेत, तर स्वसंरक्षणासाठी बहुतेक जण त्याच गोळ्या पसंत करतात. कोलोरॅडोत २०१३ पासून मॅगझिनमध्ये १५ पेक्षा अधिक गोळ्या मावता कामा नयेत, न्यू जर्सीत ही मर्यादा दहाची आहे. पोलिसाने हटकल्यास आपल्याजवळ शस्त्र आहे हे विचारण्याआधीच सांगण्याचे बंधन मिशिगन आणि अलास्कात आहे, इतर अनेक राज्यांत नाही.

सुरक्षित मार्ग आणि त्याची मर्यादा

अशा राज्यांतून नुसते पार होणाऱ्या प्रवाशासाठी काँग्रेसने १९८६ च्या 'फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट'मध्ये एक तरतूद केली. जेथून निघालो आणि जेथे पोहोचायचे, त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर वाटेतल्या राज्यांतून ते नेता येते. अट अशी की बंदुकीत गोळी नसावी आणि प्रवाशांच्या जागेतून बंदूक वा काडतुसे सहज हाती येऊ नयेत. ज्या वाहनात चालकाच्या जागेपासून वेगळा कप्पाच नाही, त्यात ती कुलूपबंद पेटीत हवीत. डॅशबोर्डाचा खण किंवा दोन आसनांमधला कप्पा यांना पेटी म्हणत नाहीत.

मोटरहोममध्ये चालकाच्या पाठीमागेच बैठकीची खोली सुरू होते. त्यामुळे बाहेरून उघडणाऱ्या सामानाच्या कप्प्यात कुलूपबंद पेटीत बंदूक आणि दुसऱ्या पेटीत काडतुसे ही रचना सर्वांत निर्धोक मानली जाते. पण मग रात्री दार वाजले तर त्या बंदुकीचा उपयोग काय? कायद्याचे उत्तर सरळ आहे. ही सवलत वाहतुकीसाठी आहे, संरक्षणासाठी नाही.

रात्रीच्या मुक्कामाने तर ही सवलत सुटण्याचीच भीती असते. २००५ साली युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका विमानप्रवाशाचे पुढचे विमान न्यूअर्कला चुकले. बंद पेटीतल्या पिस्तुलासह सामान त्याच्या हाती परत आले, त्याने रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी विमानतळावर पिस्तूल रीतसर जाहीर करताच त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले, परंतु त्याने भरपाईसाठी लावलेल्या दाव्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०१० साली निर्णय त्याच्या विरोधात दिला. रात्रभर शस्त्र त्याच्या हाताशी होते, म्हणून १९८६ च्या कायद्याचे छत्र त्याला मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यू जर्सीतल्या एखाद्या तळावर दोन दिवस मुक्काम ठोकणाऱ्या आरव्हीवाल्याने हा निकाल अवश्य ध्यानात ठेवावा. तेवढ्या काळासाठी तो वाटसरू उरतो की नाही, हे ठरवणे पोलिसाच्या आणि पुढे न्यायाधीशाच्या हाती जाते.

उद्याने आणि सीमा

राष्ट्रीय उद्यानांत पूर्वी बंदूक रिकामी करून बांधून ठेवावी लागे. २२ फेब्रुवारी २०१० पासून ज्या राज्यात उद्यान आहे, त्या राज्याचा कायदा उद्यानातही लागू झाला. गंमत म्हणजे हा बदल क्रेडिट कार्डविषयक कायद्याला जोडलेल्या एका कलमातून आला. यलोस्टोन तीन राज्यांत पसरलेले असल्याने एकाच उद्यानात तीन कायदे लागू होतात. पर्यटक माहिती केंद्रे, रेंजर कार्यालये अशा सरकारी इमारतींत शस्त्रबंदी कायम आहे. शिवाय बाळगण्याची मुभा म्हणजे चालवण्याची मुभा नव्हे.

अलास्काला आरव्हीने जाणाऱ्यांना कॅनडा ओलांडावाच लागतो. १९४२ मध्ये बांधलेला अलास्का महामार्ग ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीकपासून सुरू होतो. कॅनडात पिस्तूल हे निर्बंधित शस्त्र आहे, आणि स्वसंरक्षण हे प्रवाशाने ते आणण्याचे कारण म्हणून तेथे मानले जात नाही. ऑक्टोबर २०२२ पासून तर पिस्तुलांच्या खरेदी-विक्रीवर आणि हस्तांतरावरच देशव्यापी स्थगिती आली. साधी शिकारीची रायफल वा शॉटगन मात्र सीमेवर लेखी घोषणापत्र आणि शुल्क भरून नेता येते. लपवलेले पिस्तूल सापडले तर शस्त्र जप्त होते आणि खटलाही उभा राहतो. दक्षिणेला मेक्सिकोत परिस्थिती आणखी कडक आहे. २०१४ साली एक माजी अमेरिकी मरीन सैनिक सामानाने भरलेल्या पिकअपमध्ये तीन बंदुका घेऊन तिहुआनाच्या सीमेपलीकडे गेला. आपण चुकून वळलो, असे त्याने सांगितले, तरीही सुटका व्हायला सात महिने लागले.

व्हिसावर असलेल्यांसाठी

अमेरिकेतील मराठी कुटुंबे सुटीत आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन गाठतात, भारतातून आलेले आईवडीलही बरोबर असतात. त्यांच्या दृष्टीने एक कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास फेडरल कायद्याने मनाई आहे. राज्य कितीही उदार असो, ही मनाई सुटत नाही. तेथील एखाद्या राज्याचा वैध शिकारपरवाना असलेल्यांना सूट आहे, पण ती अपवादच. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे झाली आहे, आणि खटल्याच्या जोडीला व्हिसाही धोक्यात येतो.

येथे 'ताबा' या शब्दाचा अर्थ हातात धरणे एवढाच नाही. मित्राचे पिस्तूल आपण भाड्याने घेतलेल्या आरव्हीच्या खणात आहे, आपल्याला ते ठाऊक आहे आणि किल्लीही आपल्याकडे आहे, एवढ्यावरही ताबा सिद्ध होऊ शकतो. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसाचा दर्जा गमावलेल्या एका परदेशी तरुणाने नेमबाजी केंद्रावर बंदूक चालवली, तेवढ्यासाठी त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली होती. आपला दर्जा संपला आहे हे आरोपीला माहीत होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्याच्या बाजूने कौल दिला. परंतु तोवर बरीच वर्षे गेली होती. कायमस्वरूपी रहिवासी किंवा नागरिक असलेल्या मित्राबरोबर प्रवास करताना बंदुकीबद्दल आधीच स्पष्ट बोलून घेणे अवघड वाटले तरी आवश्यक आहे. आरव्हीच्या भाडेकरारातील शस्त्रांसंबंधीचे कलमही वाचून घ्यावे.

पातळ भिंती

कायदा बाजूला ठेवला तरी आरव्ही ही बंदूक चालवण्यासाठी अतिशय वाईट जागा आहे. तिच्या भिंती म्हणजे अ‍ॅल्युमिनियम वा फायबरग्लासचे आवरण, मध्ये फोम आणि आतून पातळ प्लायवूड. गोळी सहज आरपार जाते, आणि भरलेल्या तळावर काही पावलांवरच शेजारचे कुटुंब झोपलेले असते. चुलीच्या गॅसची टाकीही त्याच सांगाड्याला जोडलेली असते. घरातल्याप्रमाणे लहान मुलांपासून दूर, वेगळ्या खोलीत शस्त्र ठेवण्याची सोय नसते, म्हणून जमिनीला बोल्टने आवळलेली छोटी तिजोरी हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. वाहन सोडून फिरायला गेल्यावर चोरीचे भय असतेच.

दगडविटांच्या घराला जे जमत नाही, ते मात्र मोटरहोमला जमते. धोका दिसताच ते जागेवरून हलू शकते. चालकाचे आसन आतूनच गाठता येत असल्याने दार न उघडता निघून जाता येते. यासाठी संध्याकाळीच गाडी रस्त्याच्या दिशेने तोंड करून लावावी, समोरची वाट मोकळी ठेवावी आणि किल्ली ठरावीक जागी असावी. ओढून न्यायच्या ट्रेलरमध्ये ही सोय नाही. त्यातल्या माणसाला खाली उतरून मोटारीपर्यंत जावे लागते.

बंदुकीऐवजी फवारा नेणाऱ्यांनाही नियमांपासून सुटका नाही. माणसांसाठी बनवलेला मिरपुडीचा फवारा कॅनडात निषिद्ध शस्त्र ठरतो, अस्वलांसाठीचा चालतो. तोच अस्वलांचा फवारा कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात मात्र नेता येत नाही.