कुत्रं पाळायचं म्हणजे दहा-पंधरा वर्षांची सोयरीक : घरी आणण्याआधी हा हिशेब करा

सकाळी सहाच्या सुमारास बेळगावच्या कॅम्प भागात किंवा टिळकवाडीत चक्कर मारली, तर पट्टा हातात धरून निघालेली माणसं हमखास दिसतात. कुणाकडे लॅब्राडोर, कुणाकडे पामेरियन, तर कुणाकडे रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी. शेताकडच्या वस्त्यांवर राखणीला कुत्रं ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

अडचण सुरू होते ती हौस फिटल्यावर. मांडीवर मावणारं पिल्लू सहा महिन्यांत मोठं होतं. चपला चावतं, रात्री भुंकतं, शेजारी तक्रार करतात. मग ते दिवसभर साखळीला राहतं, नाहीतर एखाद्या रात्री गाडीत घालून गावाबाहेर सोडलं जातं. यात कुत्र्याची चूक नसते. आणताना घरच्यांनी हिशेब केलेला नसतो, एवढंच. पैशांचा हिशेब त्यात आहेच, पण त्याहून मोठा हिशेब वेळेचा आहे.

जुनी सोबत

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेदांचं रूप मानलं जातं. खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रा आहे, आणि त्याचे भक्त स्वतःला 'वाघ्या' म्हणवतात. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर इथला दहाव्या शतकातला शिलालेख तर 'काळी' नावाच्या शिकारी कुत्र्याच्या आठवणीसाठी आहे. रानडुकराशी झुंजताना ते मेलं आणि त्याच्या नावानं दगड उभा राहिला.

सीमाभागाला सगळ्यात जवळचं नाव मात्र मुधोळचं. आज बागलकोट जिल्ह्यात असलेलं मुधोळ हे घोरपडे घराण्याचं संस्थान होतं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या भागातल्या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांची निगुतीनं पैदास केली. हीच जात महाराष्ट्राच्या खेड्यांत 'कारवान' म्हणून ओळखली जाते. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाऊंड होता. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये या जातीचा उल्लेख झाला आणि मागणी एकदम वाढली. मुधोळजवळच्या तिम्मापूर इथं पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्रही आहे.

आनंद कशात आहे

मुलं पुणे-बेंगळुरूला नोकरीला आणि आई-वडील दोघंच घरात, असं चित्र बेळगाव, निपाणीपासून इंदूर, बडोद्यापर्यंत सगळीकडे आहे. अशा घरात कुत्रं आलं की दिवसाला वेळापत्रक येतं. सकाळी उठावं लागतं, चालावं लागतं, वाटेत चार माणसं भेटतात, बोलणं होतं. एकुलत्या मुलाला खेळायला सोबती मिळतो आणि आपल्यावर कुणीतरी अवलंबून आहे हे कळतं.

ही नुसती भावना नाही. कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं संप्रेरक तेच.

पण हा लळा वेळ दिल्यावरच लागतो. दारात बांधून ठेवलेल्या आणि दोन वेळा भाकरी टाकलेल्या कुत्र्याकडून तो मिळत नाही.

कोणतं कुत्रं आणावं?

जात बघण्याआधी घर, अंगण आणि हवा बघावी. सेंट बर्नार्ड, हस्की ही थंड प्रदेशातली दाट केसांची कुत्री आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या उन्हाळ्यात त्यांचे हाल होतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाड्यात श्वास घेणं जड जातं. जर्मन शेफर्डला आणि लॅब्राडोरला भरपूर व्यायाम लागतो, नाहीतर वजन वाढतं आणि सांधे धरतात.

मुधोळ हाऊंड धावण्यासाठीच घडलेला आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो सुखी राहणार नाही. जवळ शेत, मोकळं रान असेल तरच त्याचा विचार करावा.

गावठी कुत्रं आपल्या हवेला सरावलेलं असतं. आजार तुलनेनं कमी, खाणं साधं, अक्कल तरतरीत. विकत घेण्याआधी गल्लीतलं एखादं पिल्लू दत्तक घेता येईल का, हे जरूर पाहावं.

पिल्लू विकतच घ्यायचं असेल तर ते आठ आठवड्यांपेक्षा लहान नसावं. त्याआधी विक्री करायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे आणि पैदास करणाऱ्याकडे नोंदणी असणं बंधनकारक आहे. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू अशक्त आणि भित्रं निघतं. जमलं तर पिल्लाची आई आणि ती राहते ती जागा स्वतः जाऊन बघावी.

लस चुकवू नका

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली एकत्रित लस देतात. डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस अशा आजारांपासून ती वाचवते. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं तिचे पुढचे डोस होतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची असताना, पुढे बूस्टर आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुतेक ठिकाणी दरवर्षी. तारखा लिहिलेलं कार्ड जपून ठेवावं.

पार्व्होमध्ये पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात. एक दिवस थांबून बघू म्हटलं तर पिल्लू हातचं जातं. थेट दवाखाना गाठावा.

जंताचं औषध पिल्लांना दर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्यानं आणि मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी लागतं. गोचिडांकडे तर अजिबात दुर्लक्ष नको. त्यांच्यामुळे येणाऱ्या तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्तही येतं. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नये.

पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्यावी. कुत्री साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत पहिल्यांदा माजावर येते आणि गाभण राहिली की ६३ दिवसांच्या आसपास विते. नसबंदीमुळे गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो, आणि वेळेत केली तर स्तनांच्या गाठींचाही कमी होतो. शिवाय नको असलेली पिल्लं पोत्यात घालून सोडण्याची वेळ कुणावर येत नाही.

कुत्रं चावलं, ओरखडलं तर

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. पण चावल्यावर लगेच उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो. म्हणून एवढं पाठ असावं :

• जखम साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवावी.
• हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये. जखम घट्ट बांधू नये.
• त्याच दिवशी दवाखान्यात जावं. लस सरकारी रुग्णालयात मिळते.
• रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन लागतं. ते डॉक्टरांना आठवणीनं विचारावं.
• ठरलेले सगळे डोस घ्यावेत. मधेच सोडू नयेत.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात म्हणून अजूनही लोक टाळाटाळ करतात. ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा सुई, एवढंच.

'घरचंच कुत्रं आहे, लहान पिल्लू आहे, काय होतंय' असं म्हणून गप्प बसू नये. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. लहान मुलं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवावं की कुणी रागावणार नाही, पण लगेच सांगायचं.

गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम झाली आणि २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं. रेबीज आटोक्यात आणता येतो, हे शेजारीच दिसलेलं आहे. त्यासाठी घरच्या कुत्र्यापासून सुरुवात करावी.

खायला काय, काय नाही

नुसती दूध-चपाती पुरत नाही. अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचतच नाही. भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, चिकन, मासे, थोडी भाजी, मीठ-मसाला न घालता द्यावं. शाकाहारी घरातही चालतं, पण प्रथिनं कशातून द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. स्वच्छ पाणी दिवसभर समोर हवं.

कांदा, लसूण, चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल कुत्र्याला घातक आहे. द्राक्षं आणि बेदाणे तर मुळीच नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तासगाव, विजयपूरच्या पट्ट्यात बेदाणा घरोघरी असतो, प्रसादाच्या शिऱ्यातही असतो. तेव्हा 'प्रसाद आहे, देऊ दे थोडा' हेही टाळावं. शिजवलेली हाडं तडकून आतड्यात टोचतात. माणसाची ताप-दुखीची गोळी मनानं कधीच देऊ नये.

वेळ आणि वळण

रोज दोनदा फिरवणं हा सगळ्यात मोठा खर्च आहे, आणि तो पैशांत मोजता येत नाही. पावसातही जावं लागतं, परीक्षेच्या दिवसांतही. दिवसभर बांधलेलं कुत्रं चिडचिडं होतं आणि चावण्याची शक्यता वाढते. राखणीचं कुत्रं तिखट व्हावं म्हणून साखळीला ठेवणं हा उलटा उपाय आहे.

पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत माणसं, गाड्या, दुसरी जनावरं यांची ओळख करून द्यावी. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांत आणि घाण जागी सोडू नये. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, ही म्हण माणसांसाठी ठीक आहे. कुत्रं मात्र शिकतं. मारून नव्हे, योग्य वागल्यावर लगेच खाऊ आणि शाबासकी देऊन.

फिरायला नेताना पट्टा आणि कागद किंवा पिशवी सोबत हवीच. दुसऱ्याच्या दारात घाण करून निघून जायचं आणि मग शेजारी कुत्र्याचा राग करतो म्हणायचं, हे बरोबर नाही.

गणपतीचा डीजे, ढोल-ताशा आणि दिवाळीचे फटाके या दिवसांत घाबरून पळालेली कुत्री हरवतात. मिरवणुकीच्या रात्री खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवावं आणि गळपट्ट्यावर फोन नंबर लिहावा. उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नये, तळवे भाजतात. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नये. खानापूर, चंदगडच्या रानालगत बिबट्या कुत्री उचलतो. तिथं रात्री कुत्रं अंगणात नव्हे, घरात किंवा बंद गोठ्यात असावं.

कायदा काय सांगतो?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं, उपाशी ठेवणं किंवा सतत आखूड साखळीला बांधणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र आजही दहा ते पन्नास रुपयेच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ कडक आहे : जनावराला विष घालून मारलं किंवा अपंग केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मालकावरही बंधन आहे. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं काही 'आक्रमक' जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढल्यामुळे कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये रद्द केलं. अनेक महानगरपालिकांत कुत्र्याचा परवाना लागतो. आपल्या पालिकेत चौकशी करून घ्यावी.

म्हातारपणाची सोय

मोठ्या जातीची कुत्री आठ-दहा वर्षं, लहान आणि गावठी बारा-पंधरा वर्षंही जगतात. शेवटची दोन-तीन वर्षं औषधांची असतात. दिसणं कमी होतं, जिना चढवत नाही, घरात लघवी होते. ज्यानं दहा वर्षं दार राखलं, त्याला या काळात रस्त्यावर सोडण्याइतकं वाईट काही नाही.

आणण्याआधी घरात पाच प्रश्न

१. सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? नाव ठरवा. 'सगळे मिळून' म्हणजे कुणीच नाही.
२. गावाला, लग्नाला गेल्यावर सांभाळणार कोण? रेल्वेत स्लीपर किंवा थ्री टायर एसीत कुत्रं नेता येत नाही.
३. लस, खाणं, अचानकचं आजारपण याला दरमहा बाजूला पैसे निघतील का?
४. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला की त्याचं कुत्रं कुणाचं?
५. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का?

पाचही उत्तरं मिळाली तर खुशाल आणावं. एखाद्या प्रश्नावर घर गप्प झालं तर थोडं थांबावं. तोवर गल्लीतल्या कुत्र्यांना पाणी ठेवणं, त्यांच्या लसीकरणाच्या दिवशी पालिकेच्या माणसांना मदत करणं, हेही त्या मुक्या जीवांसाठी केलेलंच काम आहे.