तेवीस नंबरचे दार

पाथरी, जिंतूर किंवा गंगाखेडच्या बाजारात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेलात, तर भिंतीवर खिळ्याला अडकवलेला राउटर दिसेल. पोरांचे उत्पन्नाचे दाखले, निराधार बाईच्या पगाराचे कागद, घरादाराचे आधार क्रमांक, सगळे त्याच डब्यातून पुढे जाते. डबा बसवला त्या दिवशी त्याचा पासवर्ड कोणी बदलला का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

हा प्रश्न जुना आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून शेकडो मैलांवरच्या संगणकात 'लॉगिन' करण्याचा पहिला प्रयत्न झाला. 'एल' आणि 'ओ' पोहोचले, मग यंत्र बंद पडले. याच प्रयत्नांतून टेलनेट आले, आणि पुढे त्याला तेवीस नंबरचे पोर्ट, म्हणजे दार, मिळाले. टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवायचे, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. तेव्हा ते चालून गेले, कारण जाळ्यावरची माणसे मोजकी होती. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट सुरू झाले, तेही मुंबईची एनसीएसटी, आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था अशा ओळखीच्या घरांमधलेच.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी चोरून पासवर्ड टिपले. तिथल्या तातू इलोनेन यांनी त्यावर एसएसएच लिहिले आणि जुलैमध्ये ते फुकट वाटून टाकले. आता पासवर्डासह सारे संभाषण कुलूपबंद होऊन जाऊ लागले. त्यांनी पोर्टही मागून घेतले ते टेलनेटच्या शेजारचे, बावीस नंबरचे. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. म्हणजे आपल्याकडे दार उघडले तेव्हा कुलूप तयार होते. ते लावायची सवय मात्र लागली नाही.

जाणकार माणूस नवे यंत्र दुरून उघडतच नाही. आधी जवळ बसून कन्सोलची केबल जोडतो, यंत्राला नाव देतो, नवा वापरकर्ता आणि पासवर्ड ठरवतो, एसएसएचची किल्ली तयार करतो, टेलनेट बंद करतो. त्यानंतरच यंत्र जाळ्याला लावतो. सिस्कोच्या राउटरचा एक गुण मला आवडतो: दुरून आत येण्याचा पासवर्ड ठरवलेलाच नसेल, तर तो टेलनेटवाल्याला सरळ परत पाठवतो. स्वस्त डब्यांना एवढी अदब नसते. त्यांचे नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'.

२०१६ मध्ये 'मिराई'ने याचाच फायदा उठवला. कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या आणि तेच तेवीस नंबरचे दार, एवढ्या भांडवलावर जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर तिने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्याच फौजेच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा पत्ताही लागला नसेल.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून सर्व डब्यांना एकच पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे: प्रत्येकाचा वेगळा हवा, नाहीतर पहिल्या वापरातच बदलायला लावणारा हवा. इकडे भारतनेटची फायबर तालुक्याहून ग्रामपंचायतीत येऊ लागली आहे, आणि तिच्या टोकालाही एक डबाच बसतो. तो बसवायला येणाऱ्या पोराला चहा देताना एवढे विचारा, "बाबा, जुना पासवर्ड काढलास का? टेलनेट बंद केलंस का?"