केळीवरील सूत्रकृमी

केळीवरील सूत्रकृमी हे केळीच्या मुळांत व कंदात राहून उपजीविका करणारे, धाग्यासारखे सूक्ष्म परजीवी कृमी होत. त्यांची लांबी साधारणतः 1 मिलिमीटरपेक्षा कमी असते. मुळे पोखरणारा सूत्रकृमी (रॅडोफोलस सिमिलिस) हा त्यांतील सर्वांत विध्वंसक मानला जातो. नेथन कॉब यांनी 1893 मध्ये फिजीतील केळीच्या मुळांवरून त्याचे वर्णन केले. मुळांवर व्रण करणारा प्रॅटिलेंकस, सर्पिल सूत्रकृमी हेलिकोटिलेंकस आणि गाठी करणारा मेलॉइडोगायनी हेही केळीवर आढळतात.

पोखरणारा सूत्रकृमी मुळाच्या सालीतील पेशी खात पुढे सरकतो. मूळ उभे चिरल्यास सालीत तांबूस-तपकिरी पट्टे दिसतात. मधला भाग मात्र बहुधा पांढराच राहतो. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीने मुळे फुगतात. जमिनीवर पाने पिवळी पडणे, वाढ खुंटणे, घड लहान राहणे एवढेच दिसत असल्याने हा प्रकार अन्नद्रव्यांची कमतरता समजून खते वाढवली जातात आणि कीड तशीच राहते. पुढे घडाच्या भाराने किंवा वाऱ्याने झाड मुळांसकट उपटून पडते. खोड मधोमध मोडले असेल, तर कारण बहुधा निराळे असते. मुळांवरील जखमांतून मर रोगाच्या बुरशीलाही वाट मिळते.

सोलापूर जिल्ह्यात कुर्डुवाडी ज्या माढा तालुक्यात आहे तेथे, तसेच शेजारच्या करमाळा तालुक्यात, उजनी जलाशयाच्या पाण्यावर केळीची लागवड होते. जिल्ह्यात डाळिंबाचे क्षेत्रही मोठे आहे. गाठी करणारा सूत्रकृमी डाळिंब, टोमॅटो, वांगी, भेंडी यांवरही जगतो. त्यामुळे अशी बाग काढून त्याच रानात केळी लावताना मातीची व मुळांची तपासणी महत्त्वाची ठरते. ऊतिसंवर्धित रोपे प्रयोगशाळेतून सूत्रकृमीमुक्त येतात, पण दूषित माती भरलेल्या पिशवीत वाढवल्यास हा लाभ उरत नाही.

मुनवे वापरायचे असल्यास निरोगी बागेतून निवडून, कंदावरील मुळे व काळपट भाग तासून काढतात. काही ठिकाणी असे कंद 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे 20 मिनिटे बुडवतात. निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा व पर्प्युरिओसिलियम या उपयुक्त बुरशी आणि झेंडूचे आंतरपीक यांचाही उपयोग होतो. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टर्थायनिल हे द्रव्य सूत्रकृमींना घातक असते. एकदा बाधित झालेली जमीन पूर्णपणे सूत्रकृमीमुक्त करणे अवघड असल्याने खोडवा घेण्यापूर्वी मुळे पुन्हा तपासणे इष्ट असते.