न पाहिलेल्याचें चित्र

चित्रकलेच्या इतिहासांत राजेरजवाड्यांच्या तसबिरी काढणारांस जेवढी जागा मिळते, तेवढी गोष्टींतील पात्रें रंगविणारांस मिळत नाहीं. वस्तुतः अधिक कठीण काम ह्या दुसऱ्या वर्गाचें आहे. तसबीर काढणारासमोर निदान माणूस तरी बसलेला असतो. नागकन्या, यक्ष किंवा राक्षस ह्यांपैकीं कोणीहि चित्रकाराच्या खोलींत येऊन बसत नाहीं. असें असतां त्याचें चित्र पाहून 'हीच ती' असा उद्गार वाचकाच्या तोंडून निघतो, ह्याचें कारण काय? आज विलेपार्ल्यासारख्या उपनगरांत टॅब्लेटच्या कांचेवर अशीं अद्भुत पात्रें रंगविणारीं तरुण मुलें दिसूं लागलीं आहेत, आणि आपली कला अगदीं नवी आहे अशी त्यांपैकीं कित्येकांची समजूत असते. आम्हांस मात्र तिचीं मुळें मुंबईच्या ह्याच उपनगरांत फार पूर्वीं रुजलेलीं दिसतात.

राजा रविवर्मा ह्यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं निघाला. तो घाटकोपरास चालत असे. १८९९ त तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. शिळाछापांत प्रत्येक रंगास स्वतंत्र दगड लागतो. मूळ चित्राचा कोणता अंश कोणत्या दगडावर घ्यावयाचा हें कारागिराने आधीं मनांत फोडून पाहावयाचें, आकृति दगडावर उलटी उतरवावयाची, आणि मग एकावर एक रंग चढवीत जावयाचें. कागद केसभर सरकला कीं देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई! आजचा चित्रकार ज्यांस 'लेअर' म्हणतो, ते ह्या दगडांचेच वंशज होत. रेषा एका थरावर, छाया दुसऱ्यावर, रंग तिसऱ्यावर, ही विचारसरणी तीच आहे. भेद एवढाच कीं, दगडावरची चूक महाग पडे, थरावरची चूक फुकट पुसतां येते. ह्या छापखान्यांतून निघालेल्या लक्ष्मीसरस्वतींनीं घरोघरच्या भिंती व्यापल्या, आणि पुढच्या पिढ्यांस देवतेचें रूप म्हणून तेंच डोळ्यांपुढें येऊं लागलें. कल्पित पात्र रंगविणाराची सत्ता किती मोठी असते, हें ह्यावरून कळून येईल.

परंतु ह्या कलेची वाढ एकाच माणसाच्या आयुष्यांत पाहावयाची असेल, तर रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांच्याकडे वळलें पाहिजे. १८६७ त कोल्हापुरास जन्मलेले धुरंधर १८९० त मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आले, आणि विद्यार्थी म्हणून आलेला हा मनुष्य शिक्षक होऊन १९३१ त तेथून निवृत्त झाला. ह्या काळाची हकीकत त्यांनीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' ह्या ग्रंथांत सांगितली आहे. पार्ल्याहून दोनच स्टेशनांवर असलेल्या खार येथें त्यांचें घर होतें. त्या शाळेंत प्रथम प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून आणि मग जिवंत माणसांवरून रेखाटन करवीत. कल्पनेस तेथें फारसा वाव नव्हता, अशी टीका पुष्कळांनीं केली आहे. आमच्या मतें ह्याच शिस्तीनें धुरंधरांची कल्पना समर्थ झाली. १९१२ त एडवर्ड्‌स ह्यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकास त्यांनीं चित्रें काढलीं, आणि १९१४ त किंकेड ह्यांनीं इंग्रजींत आणलेल्या आपल्या श्रावणांतल्या कहाण्यांस. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. नागपंचमीच्या कहाणींतील माहेर नसलेली धाकटी सून घ्या. ती पाताळांत नागाच्या घरीं जाते, हातांतला दिवा पडतो, आणि नागाच्या पिल्लांच्या शेपट्या भाजतात. पाताळ कोणीं पाहिलें आहे? परंतु दचकलेल्या सुनेचा हात, तिच्या लुगड्याचा ओचा, डोक्यावरून ढळलेला पदर, हें सर्व चित्रकारानें पाहिलेलें असतें. ती सून खरी उतरली कीं नागहि आपोआप खरा होतो. अद्भुताचा सारा भरंवसा अशा रीतीनें परिचितावर उभा असतो.

पुढें गोव्यांतून आलेल्या दोघा चित्रकारांनीं ही परंपरा मासिकांच्या व कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर नेली. दीनानाथ दलाल ह्यांनीं १९४५ त 'दीपावली' हा अंक काढला. रघुवीर मुळगांवकर ह्यांनीं फवाऱ्यानें रंग उडवून कांतीला असा मऊपणा आणला कीं कुंचल्याचा मागमूस राहूं नये. हत्यार पुन्हा बदललें. पाहण्याची गरज मात्र तशीच राहिली.

१९९० त 'फोटोशॉप' निघालें, तेव्हांपासून कुंचल्याची जागा हळूहळू विजेच्या लेखणीनें घेतली. आजचा चित्रकार प्रथम पात्राची नुसती काळी छायाकृति घालतो. ती दुरून ओळखूं आली तरच पुढें जातो. नंतर करड्या छटांनीं उजेड ठरवितो, आणि रंग शेवटीं देतो. ही पद्धति जुन्या शिस्तीशीं पूर्णपणें सुसंगत आहे. आम्हांस भय वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. एका खुणेसरशी मागचें पाऊल नाहींसें करणारी 'अन्डू'ची सोय चूक पुसते, त्याबरोबर चुकीची आठवणहि पुसते. आणि ज्यास आपली मागल्या वर्षींची वाकडी रेषा दिसत नाहीं, त्यास आपली वाढहि दिसत नाहीं. त्यांत आतां चार शब्द सांगितले असतां यंत्रच राक्षस किंवा अप्सरा तयार करून देतें. त्यावर पोटभरू चित्रकारांनीं चिंता करावी हें स्वाभाविक आहे. परंतु तें यंत्र पूर्वीं काढलेल्या चित्रांच्या राशीवरून शिकलेलें असतें. सुनेचा हात दचकलेला त्यानें कधीं पाहिलेला नसतो.

म्हणून पार्ल्यांतील तरुण चित्रकारांस आमचें सांगणें इतकेंच कीं, त्यांनीं बिघडलेलीं चित्रें पुसूं नयेत, तारीख घालून ठेवावींत. आणि राक्षस काढण्यापूर्वीं स्टेशनच्या पुलावरून ओझें घेऊन चढणारा माणूस काढावा. धुरंधरांच्या एकेचाळीस वर्षांचें सार ह्याहून फार निराळें नाहीं.