वंशावळीचे जतन व संगणकाचे साह्य

पैठण क्षेत्रास वंशस्मरणाचा विषय नवा नाही. गोदावरीच्या घाटावर पितृकार्यासाठी बसलेल्या यजमानास पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात. त्याचप्रमाणे माता, पितामही, प्रपितामही आणि आईच्या माहेरचे मातामह यांचेही स्मरण करावे लागते. आज पुष्कळ घरांतील यजमान वडिलांचे व आजोबांचे नाव तत्काळ सांगतो, पणजोबांच्या नावाशी किंचित थांबतो, आणि पणजीचे नाव विचारताच घरातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडाकडे पाहू लागतो. तीन पिढ्यांच्या पलीकडचा आपला वंश असा आपल्याच घरात अनोळखी होऊन बसला आहे. तो पुन्हा ओळखीचा करून घेण्यास संगणकावरील वंशवृक्षाच्या साधनाचा उपयोग कसा होतो, आणि ते साधन शिकताना जुन्या वंशावळीतील कोणती उणीव प्रकर्षाने जाणवते, याचा विचार आम्ही या लेखात योजिला आहे.

प्रथम आपल्या नगरीच्या प्राचीन वृत्ताकडे पाहू. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. या राजघराण्याने आपली वंशस्मृती दगडात कोरून ठेविली. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास राजकुलातील व्यक्तींच्या पुतळ्यांची एक ओळ कोरलेली होती व प्रत्येकाच्या वर त्याचे नाव होते. पुतळे कालौघात नष्ट झाले, पण नावे वाचता येतात. त्यांत सिमुक सातवाहन आहे, राणी नागनिका व राजा सातकर्णी आहेत, राजकुमार आहेत, आणि विद्वान ज्यास राणीचा पिता मानतात तो महारठीही आहे. म्हणजे त्या मालिकेत राणीच्या माहेरासही स्थान मिळाले होते. पुढे नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने, आपण महाराजाची माता व महाराजाची आजी आहोत, असे अभिमानाने कोरविले. तिच्या पराक्रमी पुत्रास आपण आजही आईच्या नावानेच, गौतमीपुत्र म्हणून, ओळखतो.

याच घराण्याची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. पुराणांनी या राजांच्या नामावळी दिल्या आहेत. परंतु मत्स्यपुराणातील यादी लांब, तर वायुपुराणातील बरीच आखूड आहे. शिलालेख व नाणी यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून कोणत्याही एका यादीवर विसंबता येत नाही. जेथे राजकुलाची ही गत, तेथे आपल्या घरच्या पेटीतील एकुलत्या एक कागदास अंतिम प्रमाण मानणे कितपत योग्य, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आता मध्ययुगाकडे वळू. त्या काळच्या वंशावळी बहुधा हक्कासाठी लिहिल्या गेल्या. पाटीलकी, कुलकर्ण किंवा जोशीपणाच्या वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभेपुढे करीना मांडावा लागे. मूळ पुरुष कोण, त्यास पुत्र किती, थोरले घर कोणते व धाकटे कोणते, हे त्यात सांगावे लागे आणि निवाड्याचा महजर होई. वतन पुरुषाकडून पुरुषाकडे जाई. म्हणून कागदावरही पुरुषांचीच नावे येत. कन्या लग्न होऊन परगोत्रात गेली की वंशावळीतून निघून जाई, आणि सून घरात आली तरी तिचे नाव क्वचितच लिहिले जाई. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रात घरोघर येऊन कुळी सांगणारे हेळवी यांनी फार मोलाचे जतन केले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरे मिळविली, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक घराण्यांचे छापील कुलवृत्तांत निघाले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि या साधनांचा मुख्य ओघ पुरुषशाखेचाच राहिला.

असे केल्याने काय निसटते, याचे उत्तर पैठणच्या नाथांच्या घराण्यातच आहे. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, त्यांचे एकनाथ आणि एकनाथांचे हरिपंडित, अशी सरळ पुरुषशाखा सर्वांस ठाऊक आहे. परंतु मराठी भाषेस महाभारताची पर्वे देणारा कवी मुक्तेश्वर हा परंपरेनुसार एकनाथांचा दौहित्र, म्हणजे कन्येचा पुत्र. वतनाच्या धर्तीवर केवळ पुरुषशाखेची वंशावळ मांडली, तर नाथांच्या वाङ्मयाचा हा श्रेष्ठ वारसदार तिच्यात कोठेच दिसणार नाही! आपल्याही घराण्यांतून असे किती मुक्तेश्वर लेकींच्या घरी जन्मले आणि आपल्या कागदांवरून गळाले, याची गणना कोण करणार?

आता नव्या साधनाची ओळख करून घेऊ. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन पंथीयांनी १८९४ साली वंशशोधनासाठी संस्था स्थापिली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रेही तिने घेतली आहेत. त्याच पंथाच्या पुढाकाराने १९८४ साली ‘जेडकॉम’ ही पद्धती निघाली. एका संगणकावर, एका साधनात भरलेली कुळाची माहिती दुसऱ्या साधनात नेता यावी, यासाठी ठरविलेली ही लेखनाची रीत होय. वंशवृक्षाची साधने आज अनेक आहेत. त्यांपैकी ‘ग्रॅम्प्स’ हे विनामूल्य असून त्याचे काम २००१ साली सुरू झाले. त्यात नावे देवनागरीत लिहिता येतात, म्हणून आपल्या समाजातील नवशिक्यांनी त्यापासून आरंभ करावा, असे आम्हास वाटते.

या साधनाची रचना समजली की अर्धे काम झाले. त्यात व्यक्ती, कुटुंब, घटना, स्थळ आणि आधार यांची खाती वेगवेगळी असतात. व्यक्तीस एक क्रमांक मिळतो. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे एका घराण्यात चार-चार विठ्ठल व पाच-पाच नारायण असतात. क्रमांकामुळे त्यांची गल्लत होत नाही. कुटुंबाच्या खात्यात पती, पत्नी व अपत्ये जोडली जातात. अपत्य औरस की दत्तक हेही नोंदविता येते, म्हणून दत्तकपुत्राची जन्मशाखा व दत्तकशाखा दोन्ही कायम राहतात.

आपल्या घराण्यास हात घालण्यापूर्वी नाथांचेच घराणे सरावासाठी मांडावे, अशी आमची सूचना आहे. प्रथम एकनाथ ही व्यक्ती भरावी. मातापित्यांच्या जागी रुक्मिणी व सूर्यनारायण, पत्नीच्या जागी गिरिजाबाई भरावी. मग हरिपंडित, आणि परंपरेने सांगितलेल्या गोदावरी व गंगा या दोन कन्या घालाव्या. गोदावरीचे कुटुंब उघडून त्यात मुक्तेश्वर जोडताच, जो पुरुषशाखेच्या वंशावळीत नव्हता तो वृक्षावर आपल्या स्थानी येतो. घटकाभराचा हा सराव पुष्कळ काही शिकवून जातो.

दुसरा धडा कालगणनेचा. शालिवाहन शक हा तर आपल्या पैठणच्याच नावाशी जोडलेला. परंतु ग्रॅम्प्समधील पंचांगांत तो नाही. म्हणून शकाचे इसवी सनात रूपांतर करावे लागते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीस ७८ व त्यापुढील तिथीस ७९ मिळवावे. फसली सनास ५९० किंवा ५९१, आणि मोडी कागदांतील सुहूर सनास ५९९ किंवा ६०० मिळवावे. नाथषष्ठीचेच उदाहरण घ्या. नाथांच्या समाधीचा काळ अनेक ठिकाणी शके १५२१ व इ. स. १५९९ असा शेजारी-शेजारी छापलेला असतो. पण षष्ठी फाल्गुन वद्यातली. तेव्हा नेहमीच्या हिशेबाने शके १५२१ चा फाल्गुन इ. स. १६०० मध्ये येतो. १५९९ हा आकडा जुळण्यास शक एक वर्षाने मागे मोजावा लागतो. अशा वेळी एक आकडा खोडून दुसरा लिहू नये. मूळ तिथी जशीच्या तशी टिपणात ठेवावी आणि इसवी सनापुढे ‘सुमारे’ अशी खूण करावी; तशी सोय साधनात आहे.

तिसरा धडा स्थळाचा. पैठण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मुक्त झालेल्या हैदराबाद राज्यात, १९५६ पासून मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आले. औरंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. एकच गाव कोणत्या काळात कोणत्या राज्यात होते, हे वर्षांसह नोंदविता येते. हा केवळ काटेकोरपणा नव्हे. आजोबांचा जन्मदाखला कोणत्या दप्तरात, कोणत्या भाषेत मिळेल, हे त्यावरून कळते. आपल्याकडील महसुली कागदांचा मोठा भाग उर्दूत आहे, त्याआधीचे कागद फारसी व मोडीत आहेत. ते वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत.

पैठणकरांस तर स्थळाच्या खात्याचे विशेष महत्त्व आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली व १९७६ साली धरण पुरे झाले. नाथसागराने मराठवाड्यास पाणी दिले. पण त्याखाली अनेक गावे, त्यांतील वाडे, कुलदैवतांची ठाणी व पूर्वजांच्या समाध्या गेल्या. कुळे पुनर्वसित गावांत विखुरली. आज जे वयोवृद्ध आहेत, त्यांनी ती जुनी गावठाणे डोळ्यांनी पाहिलेली आहेत. कोणत्या आळीत कोणाचे घर, हे त्यांच्या मागे कोणी सांगू शकणार नाही.

तथापि साधनातील सर्वांत मोलाचे खाते आमच्या मते आधाराचे होय. प्रत्येक नोंदीपुढे, ही माहिती कोठून मिळाली, असे लिहिता येते: सातबारा, शाळेचा दाखला, तीर्थोपाध्यायाची वही, लग्नपत्रिका, अथवा अमुक वर्षी अमुक आत्याबाईंनी सांगितलेली आठवण. दोन आधारांत विरोध असेल तर दोन्ही लिहावे. २०२३ साली निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून मराठवाड्यात वंशावळ हा शब्द घरोघर ऐकू येऊ लागला आहे. जातपडताळणीसही वंशावळ लागते. परंतु संगणकावर काढलेला सुबक वृक्ष हा पुरावा नव्हे. पुरावा मूळ कागद असतो. वृक्ष त्या कागदापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवितो. सोयीसाठी एखादे नाव ‘बसवून’ देण्याचा मोह ज्यास होईल, त्याने पुढील पिढ्यांची वाट बुजविली असे समजावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या साधनात कुटुंबाचे खाते उघडले की पत्नीच्या नावाची जागा आपल्यापुढे रिकामी उभी राहते. जुन्या कागदास ही जागाच नव्हती, म्हणून तिचे रितेपण कधी बोचले नाही. आता ते बोचते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. त्यामुळे माहेरच्या आठवणीत ती द्वारका असते आणि सासरच्या कागदात लक्ष्मीबाई. एकाच व्यक्तीची दोन्ही नावे नोंदविण्याची सोय येथे आहे. ती वापरली म्हणजे दोन घराण्यांचे वृक्ष एकमेकांस येऊन मिळतात, आणि आपला समाज हा सुट्या घरांचा ढीग नसून परस्परांत गुंतलेली एक वीण आहे, हे डोळ्यांस दिसते. कायद्यानेही ही दिशा धरली आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कन्येस वारसा दिला व २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला पुत्राच्या बरोबरीचे स्थान मिळाले. वारसाच्या वंशावळीत लेकींची नावे गाळणे आता अन्यायाचेच नव्हे, तर बेकायदाही आहे.

ही जागा संगणक भरून देणार नाही. ती भरावयाची तर घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसले पाहिजे. कोणाचे माहेर कोठले, कोण बाळंतपणात गेली, कोणती मुलगी लहानपणीच देवाघरी गेली, हे पुरुषांच्या दप्तरात नसते. ते तिच्या स्मरणात असते. नातवाने यंत्र चालवावे, आजीने सांगावे, आणि सुनेने व लेकीने आपापल्या माहेरची बाजू भरावी. या कामात घरातील कोणीही निरुपयोगी नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून लेख पुरा करितो. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा व पत्ते सर्वत्र प्रसृत करू नयेत; वृक्ष दुसऱ्यास देताना हयात व्यक्तींचा तपशील वगळण्याची सोय साधनात आहे, तिचा उपयोग करावा. आणि यंत्रावर सर्वस्वी विसंबू नये. ‘पर्सनल अ‍ॅन्सेस्ट्रल फाइल’ हे एके काळी जगभर वापरले जाणारे साधन २०१३ साली बंद करण्यात आले. ज्यांनी आपली माहिती जेडकॉमच्या रूपात उतरवून ठेविली होती, त्यांना ती दुसऱ्या साधनात नेता आली. म्हणून वर्षातून एकदा तरी अशी प्रत काढावी, ती दोन घरी ठेवावी, आणि चांगल्या कागदावर छापून देवघराच्या पेटीतही ठेवावी.

ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी येत्या पितृपंधरवड्यापूर्वी निदान आपल्या चार पिढ्यांची नावे, स्त्रियांच्या दोन्ही नावांसह, लिहून काढावीत. नाणेघाटातील पुतळे गेले तरी नावे उरली. आपल्या घरी तर पुतळे कधीच नव्हते, नावे तेवढीच होती. ती सांगणारे जोवर आपल्यात आहेत, तोवर ती टिपून ठेवण्याची बुद्धी सर्वांस होवो, हीच श्रीनाथचरणी प्रार्थना.